मास्तर आणि कुत्र्याची छत्री

तर त्या बँकेतल्या साहेबांनी स्वेटर काढायला साफ नकार दिला, इथवर आपण काल आलो होतो. मग चहा आला, बोलणं भलतीकडेच वळलं आणि साहेब बिचारे माझ्या गोष्टीत आरशासमोर हात पसरून तसेच उभे राहिले. आज आधी त्यांना मोकळं करतो.

साहेब म्हणाले, "अहो मास्तर, थंडी काय पडलीय बघा. स्वेटरवरूनच घ्या माप आणि दोन बोटं कमी धरा."

मास्तरने टेप परत गळ्यात टाकली. "दोन बोटं कुठून कमी धरू? खांद्यात की पोटावर? तुमचा स्वेटर कुठे किती फुगलाय ते त्याचं त्याला तरी ठाऊक आहे का? कोट मी तुम्हाला शिवायचा की स्वेटरला?"

साहेबांनी तणतणत स्वेटर काढला.

"आता खिसे."

"खिशांचं काय?"

"रिकामे करा."

खिशांतून किल्ल्यांचा जुडगा निघाला, चष्म्याचं घर निघालं, पेनं निघाली, घडी घातलेलं वर्तमानपत्र निघालं आणि सगळ्यात शेवटी रुमालात गुंडाळलेलं अर्धं सफरचंद. मास्तर एकेक वस्तू टेबलावर मांडत गेला आणि म्हणाला, "म्हणजे तिजोरी तेवढी बँकेत राहिली म्हणायची." साहेबांना हसू आवरेना. कोट असा बसला की पुढे त्यांच्या मुलांचे कोटही त्याच टेबलावर कापले गेले.

हा मास्तर म्हणजे शिवणारा मास्तर, शिकवणारा नव्हे. शाळेत तो माझ्याच बाकावर होता. आमची शाळा गावातली, एका खोलीत चार इयत्ता आणि चौघींना मिळून एक गुरुजी. गणितात मास्तर अगदीच कच्चा, पण मोजायचं वेड तेव्हापासूनच. एकदा वर्ग चालू असताना उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या खुर्चीचा मागचा पाय अंगठ्याएवढा आखूड आहे." गुरुजींनी त्याला कोपऱ्यात उभं केलं आणि निवांत मागे रेलले. पुढचं मी सांगायला नको. पडल्या पडल्या गुरुजींनी त्याला कोपऱ्यातून परत बाकावर बसायला सांगितलं, एवढं मात्र मला आठवतं.

पुढे आम्ही दोघंही गाव सोडून शहरात आलो. तो एका कोट शिवणाऱ्याच्या हाताखाली लागला आणि बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतःचं दुकान टाकलं. दुकानाच्या डोक्यावर एका बाजूला त्याचं घर, दुसऱ्या बाजूला माझी खोली. सकाळी खालून मशीनचा आवाज आला की मी जिना उतरायचो आणि दाराशी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसायचो. ते स्टूल गिऱ्हाइकांसाठी होतं, पण गिऱ्हाइकांना मी कधी त्यावर बसू दिलं नाही. दुकान लांबट, बोळासारखं. मधोमध कापायचं टेबल, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. एका भिंतीला उभा आरसा, त्याच्या शेजारी पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. खुंटीला कात्री. त्या कात्रीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. त्याच्या मेव्हण्याने एकदा तिने पाकीट कापलं, कागदाचं. मास्तर त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही. "कागदाने धार मरते," एवढंच म्हणायचा आणि मान फिरवायचा. आणि कात्री कधी हातातून पडू द्यायची नाही, हा दुसरा नियम. पडली की पाती सरकतात, मग ती कापत नाही, चावते. उभ्या आयुष्यात त्याच्या हातातून कात्री पडली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्याच्या छातीतल्या टिकटिकीविषयी सांगतो. साठी ओलांडल्यावर त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासलं तर हृदयातली एक झडप कामातून गेलेली. छाती उघडून डॉक्टरांनी तिच्या जागी धातूची झडप बसवली. ती झडप वाजते. गर्दीत कळत नाही, पण पडद्यामागे शांततेत मास्तर कोणाच्या कमरेचं माप घेत असला की स्पष्ट ऐकू येते. नवं गिऱ्हाईक हमखास स्वतःच्या मनगटाकडे बघायचं. मास्तर खडू न थांबवता सांगायचा, "तुमचं घड्याळ नाही, माझं आहे. आतल्या खिशात ठेवलंय."

झडप धातूची म्हटल्यावर तिच्यावर रक्ताची गुठळी बसायची भीती. म्हणून त्याला जन्मभराची एक गोळी लागली, रक्त पातळ ठेवणारी. रक्त फार पातळ झालं तर वाहत सुटणार, फार घट्ट झालं तर गुठळी होऊन डोक्यात जाणार. त्यामुळे मधूनमधून रक्त तपासायचं, त्यातून एक आकडा निघतो, तो आकडा दोन खुणांच्या मध्ये राहिला पाहिजे. वर गेला की गोळी कमी, खाली आला की गोळी जास्त. मला हे समजायला वेळ लागला. मास्तरला एका झटक्यात समजलं. म्हणाला, "फिटिंग आहे रे हे. सैलही नको, तंगही नको. आणि डॉक्टरबाई दर खेपेला ट्रायल घेतात."

डॉक्टरबाई तरुण, बोलायला मोकळ्या, पण कामात कडक. मास्तरचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. दवाखान्यात तो एकटाच जायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बरोबर येते म्हणाली की म्हणायचा, "ट्रायलला कोणी बायकोला नेतं का?" आणि निघून जायचा.

इथे मेव्हण्याचा प्रवेश. मेव्हणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, नोकरीतून सुटल्यापासून दिवसभर फोनवर व्हिडिओ बघणारा. माणूस मनाने लोण्यासारखा, पण त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती दुसऱ्याच्या पोटात घातल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. मागे त्याने सगळ्यांना उभ्याने पाणी पिणं बंद करायला लावलं होतं. एक दिवस तो दुकानात आला आणि त्याने टेबलावर एक डबी ठेवली. डबीवर मशरूमचं चित्र होतं, तांबूस, आणि असं चकचकीत की कोणीतरी बुटाच्या पॉलिशने घासलंय.

"भावजी, हे रोज घ्यायचं. हृदयासाठी. जगात सगळीकडे घेतात."

मी डोकावून बघितलं. "अरे, ही तर कुत्र्याची छत्री!"

गावाकडे आम्ही उकिरड्यावर उगवणाऱ्या त्या छत्र्यांना हेच म्हणायचो आणि पायाने उडवायचो. मेव्हण्याला राग आला. "काका, ती वेगळी, ही वेगळी. ही वाळवून, पूड करून कॅप्सूलमध्ये भरलेली आहे. औषध नाही हे, नैसर्गिक आहे. भाजीच समजा. उलट ती तुमची डॉक्टरची गोळी काय आहे माहितीये का भावजी? उंदीर मारायला वापरायचे ती! व्हिडिओत दाखवलंय."

मास्तर काज करत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्या छातीत धातूची झडप आहे. तुझ्या उंदराच्या नव्हती. गोळी मी सोडणार नाही."

"सोडू नका ना! कोण म्हणतंय सोडा? बरोबर हे घ्या. वरून."

हे मास्तरला पटलं. त्याचा स्वभावच तसा. शिवणीत कापड जास्तीचं ठेवायचं, कोटाला अस्तराच्या आत आणखी एक पट्टी लावायची, बटणाचं दोन दोऱ्यांनी भागत असलं तरी चार घालायचे. एकाला दुसऱ्याचा आधार असला तर बिघडतं कुठे? चहाबरोबर त्याने पहिली कॅप्सूल गिळली आणि तेव्हापासून रोज एक. डबी बटणांच्या खणात राहायला गेली. लपवायला नव्हे. उलट वहिनींना त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं आणि वहिनींनी तेव्हापासून त्याला सुखाने घास खाऊ दिला नाही.

"तुम्ही कोणाचं ऐकताय कळतंय का? माझाच भाऊ आहे, म्हणून सांगतेय. लहानपणी तो माती खायचा."

"भाजी आहे ग."

"भाजी आहे तर मला द्या निवडायला, फोडणीला टाकते."

अशी थट्टा महिना-दीड महिना चालली. मग एका शाळेच्या बँडपथकाचे पांढरे कोट शिवायला आले, आणि मास्तरच्या बोटात सुई गेली. शिवणाऱ्याच्या बोटात सुई जाणं ही काही बातमी नाही. त्याने नेहमीप्रमाणे बोट चोखलं आणि पुढचा टाका घातला. थोड्या वेळाने पांढऱ्या बाहीवर लाल ठिपका. कापडावर रक्त पडलं तर शिंप्याचा एक जुना उपाय असतो. पांढरा दोरा तोंडात चघळायचा आणि त्या ओल्या बोळ्याने डाग टिपायचा. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते म्हणतात. मास्तरने टिपलं, डाग गेला. दुसरा पडला. तोही टिपला. बोट थांबायचं नावच घेईना. शेवटी त्याने कोट बाजूला सारला आणि बोटाला चिंधी गुंडाळून माझ्याकडे बघत बसला.

"आज थुंकी संपणार माझी," म्हणाला.

त्यानंतर दंडावर निळे डाग दिसायला लागले, कुठे आपटल्याचं आठवत नसताना. एकदा जेवताना नाकातून रक्त आलं ते वहिनींनी मान मागे धरून, पुढे धरून, पाणी मारून बऱ्याच वेळाने थांबवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात गेला. आकडा वरच्या खुणेच्याही पुष्कळ वर गेलेला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, गोळी चुकून दोनदा घेतलीत का?"

"नाही."

"दुसरं काही औषध सुरू केलंत? कुठली गोळी, काढा?"

"नाही बाई."

हे त्याने आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं आणि सांगताना त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता. औषध विचारलं, औषध नाही असं सांगितलं. भाजीचं कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी गोळी कमी केली. आणि जाताना एक वाक्य बोलल्या, ते मात्र त्याच्या काळजाला लागलं. "काका, आकडा असा खालीवर नाचत राहिला तर सुई-कात्रीचं काम बंद करावं लागेल. एखाद्या दिवशी मोठी जखम झाली तर रक्त थांबवताना आमची धावपळ उडेल."

दुकानात आल्यावर तो खुंटीवरच्या कात्रीकडे बघत बसला. मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, पोटाचा प्रश्न नव्हता. पण मास्तर आणि कात्री वेगळी करायची म्हणजे मग उरलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे आम्हा कोणालाच सुचलं नसतं.

सुदैवाने, असं तेव्हा वाटलं, आकडा खाली आला. दोन खुणांच्या बरोबर मध्ये येऊन बसला. बाई खूश, मास्तर खूश, मेव्हण्याने तर श्रेय आपल्याकडेच घेतलं. "बघा, डॉक्टरांनी गोळी कमी केली! कशामुळे? मशरूममुळे!" बोलण्यात त्याच्या तथ्य होतं, फक्त त्याला वाटत होतं तसं नव्हतं.

मग डबी संपली. मेव्हणा तेव्हा मुलीकडे परगावी गेला होता, तिला बाळ झालं होतं. मास्तरने मागे लागून दुसरी आणवली नाही. आहे तेव्हा खायची, नाही तेव्हा नाही, भाजीचा बाजार असाच चालतो. रिकाम्या डबीत त्याने कोटाची मोठी बटणं भरली आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. काही आठवडे गेले. दुपारची वेळ. मी स्टुलावर. मास्तर राखाडी कापडावर बाही कापत होता, खडूच्या रेषेवरून कात्री अशी चालत होती की ऐकत राहावं. आणि एकदम खणकन आवाज आला.

कात्री फरशीवर पडली होती.

मी आधी कात्रीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. हात टेबलावर पडला होता, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. "मास्तर, काय झालं?" म्हटलं तर त्याने तोंड उघडलं, पण शब्द वेडावाकडा निघाला, त्यातलं काही कळेना. मी वर ओरडून वहिनींना बोलावलं, समोरच्या सलूनवाल्याने गाडी काढली आणि आम्ही दवाखाना गाठला. वाटेतच त्याची जीभ सुटली. पहिलं वाक्य काय बोलला? "कात्री उचललीत का?" वहिनी रडत होत्या, त्या रडता रडता म्हणाल्या, "मरू दे ती कात्री!" तर म्हणाला, "मेलीच असेल. धार बघायला पाहिजे."

हातात ताकदही हळूहळू परत आली. रक्त तपासलं. आकडा खालच्या खुणेच्या खाली जाऊन बसलेला. झडपेवरून एखादी बारीक गुठळी सुटली असावी, डोक्यात जाऊन अडकली आणि नशिबाने विरघळली, असं बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, सलाईन लावली आणि खाटेशी उभं राहून कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिल्या.

"काका, मला कळत नाहीये. गोळी रोज घेताय?"

"रोज."

"जेवणात काही बदल? दुसरं काही औषध?"

"नाही बाई."

वहिनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होत्या. त्या म्हणाल्या, "आणि ती कुत्र्याची छत्री?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हातारी भ्रमिष्ट झाली की काय, असा चेहरा. मी म्हटलं, "बाई, मशरूम. मशरूमच्या पुडीच्या कॅप्सूल. याचा मेव्हणा देतो."

"कधीपासून?"

"आता नाही घेत," मास्तर घाईने म्हणाला. "संपल्या मागेच."

बाई खुर्ची ओढून बसल्याच. "काका, मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"तुम्ही औषध विचारलं होतंत. ही भाजी आहे."

"भाजी डबीत येते?"

"आणि भाजी पाण्याबरोबर गिळतात?" वहिनींनी त्यात भर घातली.

मग बाईंनी तारखा विचारल्या. डबी केव्हा आली, नाकातून रक्त केव्हा आलं, डबी केव्हा संपली. वहिनींना सगळं तोंडपाठ. ऐकता ऐकता बाईंच्या आठ्या सुटत गेल्या. म्हणाल्या, "हे बघा. ही पूड रक्तावर नेमकं किती काम करते, हे छातीठोकपणे मला सांगता येणार नाही. अशा डबीत काय आणि किती भरलंय याचाही भरवसा नसतो. पण अशा काही मशरूमनी रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आणि वरून ही गोळी चालू असली तर रक्त थांबत नाही. तुमचा आकडा वर गेला तो बहुतेक त्यामुळे. मला वाटलं, माझी गोळी जास्त होतेय. मी ती कमी केली. पुढे तुमची डबी संपली. मागे राहिली फक्त माझी कमी केलेली गोळी. ती पुरली नाही."

मास्तर छताकडे बघत होता. सलाईनचे थेंब पडत होते आणि त्यांच्याशी ताल न जुळणारी त्याच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "म्हणजे मी स्वेटर घालून माप दिलं."

"स्वेटर?" वहिनी म्हणाल्या. "रजई पांघरून दिलंत!"

डॉक्टरबाईंना काही उमगेना. मला राहवेना, मी तिथेच बँकेतल्या साहेबांची गोष्ट सुरू केली. खिशातल्या सफरचंदापर्यंत आलो तर नर्सने येऊन मला बाहेर काढलं. उरलेली गोष्ट बाईंना मास्तरने स्वतः सांगितली म्हणे, आणि बाई हसल्या म्हणे. मी दाराबाहेर होतो, मला ते बघायला मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा धावत आला. डोळे रडून सुजलेले आणि हातात, विश्वास ठेवा, नवी डबी.

वहिनींनी डबी त्याच्या हातातून काढून घेतली. "आता विचारायला आई नाही, तरी तुला जिवंत सोडते."

"ताई, पण हे नैसर्गिक आहे ग!"

"आणि विंचू काय कारखान्यात बनतो?"

बाई तेवढ्यात फेरीला आल्या. त्यांनी डबी उलटसुलट करून वाचली आणि शांतपणे मेव्हण्याला विचारलं, "तुम्ही स्वतः पण घेता?"

"रोज!"

"दुसऱ्या काही गोळ्या?"

"रक्तदाबाची एक. बाकी काही नाही."

"उठताना चक्कर येते?"

वहिनी म्हणाल्या, "म्हणून हा हल्ली भिंत धरून उठतो होय! मला वाटलं, आजोबा झालाय म्हणून भाव खातोय." ही पूड रक्तदाबही खाली उतरवू शकते, असं सांगून बाईंनी त्यालाही तिथल्या तिथे तपासणीच्या रांगेत उभं केलं. जाताना तो मला हळूच म्हणाला, "काका, व्हिडिओत हे नव्हतं सांगितलं." मी म्हटलं, "व्हिडिओवाल्याने तुझं माप कुठे घेतलं होतं?"

मास्तर घरी आला. गोळी पुन्हा वाढवली होती, आणि बाईंनी बजावलं होतं की आकडा जागेवर येऊन टिकेपर्यंत सुई आणि कात्री बंद. टिकला नाही तर कायमची बंद. बँडपथकाचे राहिलेले कोट ओळखीच्या दुसऱ्या मास्तरकडे गेले. कात्री खुंटीवर. धार लावून आणली होती, पण वापरायची नाही.

टेपला मात्र बंदी नव्हती. मग काय विचारता! गिऱ्हाईक आलं की हा माप घ्यायचा, तेच माप पुन्हा घ्यायचा आणि दुसऱ्या मास्तरकडे पाठवायचा. गिऱ्हाईक नसलं की दुकानच मोजायचा. दार मोजलं, आरसा मोजला, माझं स्टूल मोजलं आणि सांगितलं की ते एका बाजूला कललंय. मी म्हटलं, "ते मी कललोय." वहिनी चहा घेऊन आल्या तर त्यांच्या खांद्याला टेप लावली. "तरुणपणी होतीस त्यापेक्षा कमी भरतेस." वहिनी म्हणाल्या, "तुमच्या काळजीत झिजलेय," आणि कप आपटून गेल्या. तो दिवसभर असा हसत-बोलत असायचा, पण संध्याकाळी शटर ओढताना खुंटीकडे बघायचं टाळायचा. ते मी बघत होतो.

तपासणीचा दिवस आला. या खेपेला वहिनी बरोबर, मीही बरोबर. त्या दिवशी आकडा जागेवर निघाला, पुढच्या खेपांनाही टिकला आणि कात्री खुंटीवरून खाली उतरली, हे आत्ताच सांगून टाकतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते आकडा कळायच्या आधीचं.

आम्ही आत गेलो. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, बाही वर करायला सांगितली. सुई हातात घेतली आणि थांबल्या. म्हणाल्या, "काका, आज मी औषध विचारत नाही. गोळी, पूड, काढा, भाजी, छत्री, काहीही. माझ्या गोळीशिवाय पोटात दुसरं काय जातंय?"

मास्तर उठून उभा राहिला. त्याने शर्टाचा खिसा उलटा केला. मग पँटचा एक खिसा, मग दुसरा. टेबलावर रुमाल ठेवला, किल्ली ठेवली, खडूचा तुकडा ठेवला, एक बटण ठेवलं, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी बारीकसं. वहिनींनी मान पुढे केली. तो पुन्हा खुर्चीवर बसला, हात बाईंच्या पुढे धरला आणि म्हणाला:

"खिसे रिकामे केलेत, स्वेटर घरी ठेवून आलोय. खोकल्याची ही एकच गोळी आहे, काल मेव्हण्याने दिलेली, अजून तोंडात टाकलेली नाही. ती धरायची की नाही ते तुम्ही ठरवा, आणि मग घ्या माप."